गजेंद्रची गादी

अमरावती,
१९ ऑगस्ट २००१

ति. शकीला आपास,
नगमाचा सलाम. वि. वि.

अब्बांनी पाठवलेली उशी पोचली. ती इतकी गच्च भरली आहे की डोकं टेकत नाही, नुसतं तोलून धरावं लागतं. लेकीनं झोपू नये, अभ्यास करावा म्हणून मुद्दाम भरली का, ते त्यांना विचार. दुकानातल्या फोनवर मी विचारणार नाही. एक तर पिंजायच्या मशीनचा आवाज, आणि अब्बा शेजारी बसून आपलं अर्धं बोलणं ऐकतात, उरलेलं अर्धं मनानं जुळवतात. त्यापेक्षा कागद बरा.

चित्रकलेच्या वर्गात या आठवड्यात माणूस समोर बसवून काढायचा होता. मला अमरावतीला पाठवताना अब्बांनी एकच शब्द घेतला होता, जीव असलेल्याचा चेहरा काढायचा नाही. म्हणून मी समोरच्या म्हाताऱ्याची खुर्ची काढली. खुर्चीखालच्या चपला काढल्या, पाठीच्या घामानं वेतावर पडलेला डाग काढला. वामनराव सर मागं उभे राहून बराच वेळ बघत होते. माणूस कुठं आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी अब्बांचं सांगून टाकलं. वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, मग जन्मभर हेच काढ, पण नीट काढ.

सोबत एक चित्र पाठवते आहे. आपल्या अंगणातली बाज आहे. अब्बांना दाखव, त्यात कोणी नाही.

तुझ्या मायेच्या भरवशावर इथं आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
नगमा


अकोला, जठारपेठ,
२ सप्टेंबर २००१

चि. नगमा हीस,
आपाच्या अनेक दुआ. वि. वि.

उशीचं अब्बाले सांगितलं. ते म्हणाले, सहा महिने निजली की बसते, पोरगीले सबर नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तुझ्यासारखं शुद्ध लिहिता येत नाही, तरी वाचता येईल असं लिहून राहिले. सासरहून परत आल्यापासून हातात सुईच जास्त, पेन कमी.

तुझं चित्र अब्बाईनं हातात घेतलं. उलटं पाहिलं, सुलटं पाहिलं. मग मले विचारलं का, याच्यावरचा माणूस कुठी गेला? मी म्हटलं, तिनं काढलाच नाही, तुमाले शब्द दिला ना. तर म्हणाले, न काढल्यासारखं दिसत नाही, उठून गेल्यासारखं दिसते. ते चित्र त्याईनं भिंतीले लावू दिलं नाही. फाडलं पण नाही. गल्ल्याखाली ठेवलं आहे.

तू काही वाईट वाटून घेऊ नको. जेवत जा. इकडची काळजी मी करते, तू तुझी कर, म्हणजे दोघी मिळून एक काळजी पुरी होईल.
आशीर्वाद आहेतच.
तुझी,
शकीला आपा


अमरावती,
२२ फेब्रुवारी २००४

ति. आपास,
नगमाचा सलाम. वि. वि.

शाळेतली नोकरी पक्की झाली. आठवीच्या मुलांना रोज फुलदाणी शिकवते आणि घरी येऊन माझं काम करते. मागच्या रविवारी प्रदर्शन झालं, माझ्या गोधड्यांचं. चित्र काढायचं सोडून मी आता रेघ दोऱ्यानं ओढते. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा. समोरून काही दिसत नाही, बाजूनं उजेड पडला की घडवंची दिसते, खुंटीवरचा सदरा दिसतो. दुर्गाबाई नावाच्या एका बाई तासभर एकाच गोधडीपुढं उभ्या होत्या. एका गृहस्थांनी मात्र विचारलं की हीच डबलबेडच्या मापात मिळेल का. अब्बांना सांग, धंदा अजून हातचा गेलेला नाही.

मी टेप घेतली आहे. दिवाळीत अब्बांनी धनुष्यासारखी ती धुनकी घेऊन हातानं कापूस पिंजून दाखवला तेव्हा तिच्या ताणलेल्या तांतेचा आवाज टिपून घेतला. तो अंधाऱ्या खोलीत लावला आणि जमिनीवर कापूस पसरून लोकांना अनवाणी चालायला सांगितलं. वामनराव सर म्हणाले, एक काहीतरी धर. चित्र, शिवण, आवाज, सगळीकडं हात घातला तर हाती काय लागणार? मी त्यांना म्हटलं की आमच्या घरात कापूस, कापड, दोरा, आवाज सगळं एकाच वेळी चालतं, त्यातलं एक कसं वेगळं काढू.  त्यांना पटलं असं नाही, पण चपला काढून कापसावरून चालून गेले.

मुंबईहून एक बाई आल्या होत्या. पत्ता लिहून घेऊन गेल्या.

जीव लावतेस तसाच लाव.
तुझी,
नगमा


अकोला, जठारपेठ,
११ जून २००६

चि. नगमा हीस,
दुआ. वि. वि.

यंदा दुकानात वेगळंच होऊन राहिलं. तुले आठवते, मेलेल्या माणसाची गादी कोणी पिंजायले आणत नव्हतं. गावाबाहेर टाकत, नाही तर मागणाऱ्याले देत. आता आणून राहिले. नेहमीचं गिऱ्हाईक कापूस बदलू नये म्हणून आपल्या समोर ठाण मांडून बसते. हे लोक गादी उंबऱ्याशी ठेवतात अन् मागं न पाहता निघून जातात. बायाच जास्त. अब्बा अशा गादीले मशीन लावत नाहीत. खुंटीवरची धुनकी काढतात. म्हणतात, मशीन फाडते, तांत उकलते. किती आल्या ते मी मोजलं नाही, तू पण विचारू नको.

काल पिंपळझरीची गोदाबाई आली. डोक्यावर गादी घेऊन धामणगाव रेल्वेपर्यंत, तिथून पॅसेंजरनं अकोल्याले. अब्बा पूर्वी हिवाळ्यात धुनकी खांद्यावर टाकून त्यांच्या गावाकडं जात, तिच्या लेकाच्या लग्नाची ही गादी अब्बाईनंच भरली होती. लेक गजेंद्र होळीनंतर गेला. एकतीस वर्षांचा. कसा गेला ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. यंदा वऱ्हाडात ते कोणी विचारत नाही. ती एवढंच म्हणाली का, कापूस घरचा आहे, सांभाळून करा, अन् दुसऱ्या कोणाचा हात लावू नका. सून आचल अन् लहान नात घरी आहेत, त्याईच्यासाठी गादी पाहिजे, पण आहे तशी तिच्यावर कोणाले निजवत नाही.

आता अडचण अशी का डॉक्टरनं अब्बाले कापसाची धूळ बंद केली आहे. छातीत घरघर आहे. या घरात धुनकीवर हात बसलेली दुसरी तूच. रविवारी येशील तेव्हा गादी अन् धुनकी दोन्ही घेऊन जा. अब्बाईनं हो म्हटलं आहे. फक्त बजावलं का, पिंजाऱ्यानं चोरी एकच करायची नसते, अन् ती कापसाची.

तब्येत सांभाळ. मनात ठेव, पत्रात ठेव, फोनवर नको.
तुझी,
शकीला आपा


अमरावती,
८ सप्टेंबर २००६

ति. आपास,
नगमाचा सलाम. वि. वि.

गोदाबाईंची गादी झाली. जुनी खोळ फाटली होती म्हणून नवी घातली, तशाच लाल पट्ट्यांची. परस्पर धामणगावला पाठवून दिली, पोचल्याचा निरोपही आला. अब्बांना सांग.

यंदा खोलीत फार ओल आहे. काही नवं काम हाती घेतलं आहे, झाल्यावर सांगीन. मी सध्या जमिनीवर झोपते. झोप म्हणजे तशी लागत नाही. परवा एक गंमत लक्षात आली. शाळेतून आले की कुलूप काढण्याआधी मी कडी वाजवते. माझ्याच खोलीची. आत कोणी दचकू नये म्हणून.

हे अब्बांना वाचून दाखवू नकोस.

लोभ कमी करू नकोस, कारण विचारलंस तरी.
तुझी,
नगमा


अमरावती,
१३ जानेवारी २००८

ति. आपास,
नगमाचा सलाम. वि. वि.

मुंबईहून परवा परतले. प्रदर्शन चौदा दिवस चाललं, रोज रांग. सगळ्यांना एकच काम बघायचं होतं. त्याचं नाव ‘कूस’. रिकाम्या पांढऱ्या खोलीत जमिनीवर एक गादी, वरून एक दिवा, आणि अब्बांच्या तांतेचा आवाज, अगदी हळू, श्वासासारखा. लोक बोलत येत आणि दाराशीच थबकत. बायका रडत. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बूट बाहेर काढून ठेवले, कोणी सांगितलं नसताना.

वर्तमानपत्रवाले विचारतात की तुम्ही नेमक्या कोण? चित्रकार, शिल्पकार की आणखी काही? मी सांगते, पिंजाऱ्याची मुलगी. ते हसतात आणि लिहून घेतात. जर्मनीतल्या एका संग्रहालयाला ‘कूस’ कायमची हवी आहे. जुलैत मला बोलावलं आहे. शाळेचा राजीनामा दिला.

आपा, सात वर्षांपूर्वी मी खुर्ची काढत होते. खरं तर आनंदानं उड्या मारायला हव्यात. पण परतल्यावर कुलूप काढण्याआधी कडीच वाजवली.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
नगमा


अकोला, जठारपेठ,
२३ मार्च २००८

चि. नगमा हीस,
दुआ. वि. वि.

तुझं जर्मनीचं वाचून मोहल्ल्यात साखर वाटावी असं मनात होतं. तेवढ्यात हे सोबतचं पत्र अब्बाच्या नावानं आलं. आधी ते वाच, मग माझं.

*

पिंपळझरी,
२ मार्च २००८

जैनुद्दीनभाऊले गोदाबाईचा रामराम.

मले अक्षर येत नाई. शालिकराम पोस्टमास्तर लिहून देऊन राहिले. लय सुधरून लिहू नोका, असं म्या त्याईले सांगतलं हाय.

भाऊ, तुमी पाठवलेली गादी चांगली हाय. फुगली हाय, खोय नवी हाय. पन थे आमची नाई. आमच्या गादीचा कापूस आमच्या वावरातला होता. गजेंद्रच्या लग्नाच्या वक्ती म्या माया हातानं सरकी काढली. डोये अधू, म्हणून कोठी कोठी सरकी राहून गेली. थो हासे. म्हने, माय, तू गादी भरली का पेरनी केली? थ्या सरक्या आंगाखाली लागत. आता दीड वरीस झालं मी हात फिरवून राहिली, एक बी सरकी लागत नाई.

थो दुपारी येते. दारात उभा रायते. म्या म्हनतो, बस बाप्पा. थो आथरुनाकडं पायते अन् निंगून जाते. लोकाची गादी पाहून कोन बसन?

तुमच्यावर आळ घेत नाई. तुमाले लय वर्सापासून वयखतो. चुकून बदलली असन. पाहा. सापडली त सांगजा, मी घ्यायले येतो. सून म्हने का असं लिहू नोका, पन मले राहावलं नाई.

पोरीबाईंले आशीर्वाद. तुमच्या छातीले जपा.
गोदाबाई

*

आता माझं. अब्बाईनं हे दोन दिवस मले पुन्हा पुन्हा वाचायले लावलं. या धंद्यात त्याईचे केस पांढरे झाले, गादी बदलली, हा शब्द त्याईले कोणी बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मले न सांगता पॅसेंजर धरून धामणगावले गेले, तिथून जीपनं पिंपळझरीले. त्या गादीवर त्याईनं एकदा तळहात दाबला. कापूस बाजारचा आहे हे त्याईले तिथंच कळलं. मग शिवणीवर बोट फिरवलं. घरी आल्यावर मले एवढंच सांगितलं का, टाके डावखुऱ्या हाताचे आहेत.

आपल्या घरात डावखुरी तूच, म्हणजे गादी वाटेत कोणी बदलली नाही.

गोदाबाईले ते काय सांगून आले माहीत आहे? म्हणाले, चूक माझी झाली, माझ्याच हातानं झाली. तिनं त्याईले चहा पाजला अन् जीपपर्यंत पोचवायले आली. तेव्हापासून ते दुकानात बसत नाहीत.

मुंबईच्या त्या खोलीत जमिनीवर कोणाची गादी होती, नगमा?

उत्तर लिही. बाकी काही लिहू नको.
शकीला


अमरावती,
६ एप्रिल २००८

ति. आपास,
सलाम करायची लाज वाटते, तरी सलाम.

त्याची होती.

मी पिंजायचंच ठरवलं होतं. गादी खोलीत उलगडली आणि तो दिसला. गादीत खळगा मधोमध पडतो, तू हजारो पाहिल्या आहेस. हा एका कडेला होता, अगदी काठाशी, एक हात खाली लोंबत असेल इतका. मधे एक लहान खळगा, मुलीचा. पलीकडं आचलचा. म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं काठावर झोपला, त्या दोघींना जागा पुरावी म्हणून. मी धुनकी घेऊन बसले आणि हात उचललाच नाही. चेहरा न काढता माणूस कसा दाखवायचा, ते मी पाच वर्षं शोधत होते, आणि तो असा समोर. बाजारातून कापूस आणला, दुसरी गादी भरली, शिवली, पाठवून दिली. दोन दिवसांत झालं. वाटलं, तिला मऊ गादी मिळाली, मला हे मिळालं, कोणाचं काय गेलं?

मग श्रावण लागला. ऊन लागलं की कापूस फुगतो, तुला सांगायला नको. पावसाच्या उघडिपीत खिडकीतून ऊन यायचं आणि तो खळगा भरायचा. रोज थोडा थोडा वर. मला वाटायला लागलं की तो उठतो आहे. मी घाबरले, आपा, आणि कशाला घाबरले ते ऐक. तो उठून गेला तर माझं काम जाईल, याला घाबरले. मी मैद्याची खळ शिजवली आणि त्या खळग्यात जिरवली. तीन वेळा. मग तो उठला नाही.

त्या दिवसापासून मी कडी वाजवते.

आता कसं सांगू. जुलैत जायचं आहे. असं बोलावणं पुन्हा येणार नाही, निदान आपल्यासारख्यांना. त्यांना कायमची देणार नाही, नुसती दाखवीन, आणि ऑक्टोबरात परत आले की गादी मी स्वतः पिंपळझरीला पोचवते. तेवढी मुदत अब्बांकडून मागून घे.

रागाव, पण टाकू नकोस.
नगमा


अकोला, जठारपेठ,
१२ एप्रिल २००८

नगमा,

पत्र अब्बाले वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद वाचल्यावर त्याईनं उठून दुकानाची फळी लावली. भरदिवसा. मुदतीचं उत्तर तेच समज.

तू त्याले उठू दिलं नाही, अन् ती बाई म्हणते तो बसत नाही. मग तो दोन वर्षं कुठी आहे, याचा विचार कर. बाकी तू शिकलेली आहेस.

शकीला


पिंपळझरी,
३ जून २००८

ति. आपास,
नगमाचा सलाम. वि. वि.

जवळजवळ दोन महिने मी तुला लिहिलं नाही. त्यात तीन वेळा जर्मनीच्या पेटीत गादी भरली आणि तीन वेळा काढली. शनिवारी लहान टेम्पो केला आणि ती इथं घेऊन आले. गोदाबाईंना अंगणातच सगळं सांगितलं. अब्बांनी नाही, मी केलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, उलगड.

कडेच्या खळग्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाल्या, असा कडक थो नव्हता बाप्पा, शेवटी म्या हात लावला तवा बी नव्हता.

आपा, मला त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

आचल माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. ती आत गेली, घमेलं आणि गरम पाणी घेऊन आली आणि विचारलं की मैदा पाण्यानं निघतो का. तेव्हापासून आम्ही बसलो आहोत. धुनकी लावून पाहिली, दुसऱ्या ठोक्याला तांत तुटली. आता भिजवायचं, पिळायचं, वाळवायचं, आणि बोटांनी एकेक पुंजका उकलायचा. खळीमुळं आत कीड झाली आहे, बराच कापूस पिवळा पडून गोळा झाला आहे. तो टाकावाच लागेल. म्हणजे गादी कमी भरणार. आज उकलताना गोदाबाईंना पहिली सरकी सापडली. त्यांनी ती तोंडात टाकून दातानं दाबून पाहिली आणि मान हलवली. त्यानंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, जेवून घे.

मी ओसरीवर झोपते. एक तांत पाठव. आणि अब्बा ऐकत असतील तर विचार की खळ लागलेला कापूस कसा सोडवायचा. नसतील ऐकत तर राहू दे.

तुझी,
नगमा


अकोला, जठारपेठ,
८ जून २००८

चि. नगमा हीस,
दुआ. वि. वि.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं, बाहेर बाजेवर ऐकू जाईल असं. अब्बाईनं तिथूनच विचारलं का, किती कमी पडते? मी म्हटलं, तिनं लिहिलं नाही, पण बरंच वाटते.

ते उठले. स्वतःची गादी अंगणात आणली अन् ब्लेडनं शिवण उसवली. मी हात धरला तर माझा हात बाजूले केला. दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडाले फडकं बांधून बसले अन् मशीन न लावता, धुनकी तुझ्याकडं म्हणून, काठीनं झोडून कापूस मोकळा केला. मधे मधे खोकत होते. संध्याकाळपर्यंत पोतं भरलं. म्हणाले, पिंजाऱ्याच्या हातून कमी पडलं का पिंजाऱ्यानं भरायचं, त्यात विचारायचं काय. आता नुसत्या बाजेवर चटई टाकून निजतात.

तुले सलाम सांगितला नाही, ते खरं लिहिते. पण मले तीन वेळा उठवून लिहायले लावलं ते असं: पाणी कोमटच घे, उकळतं नको. ओला कापूस उन्हात नको, सावलीत वाळव. अन् तांत हलकी मार, काठापासून सुरू कर, मधे एकदम जाऊ नको.

पोतं अन् दोन तांती धामणगावच्या पॅसेंजरनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून राहिले. स्टेशनवरून घेजो.

तुझ्यावरचा राग माझ्याजवळ शिल्लक आहे, पण तुझ्यापेक्षा जास्त नाही.
तुझी,
शकीला आपा


पिंपळझरी,
१६ जून २००८

ति. आपास,
नगमाचा सलाम. वि. वि.

पोतं पोचलं. गोदाबाईंना सांगितलं की हा अब्बांच्या स्वतःच्या अंथरुणातला. त्यांनी मूठभर नाकाशी धरला. मग म्हणाल्या, जैनुद्दीनभाऊचा हाय ना, मंग मधात टाक, नातीच्या आंगाखाली. अब्बांना हे जसंच्या तसं सांग.

कापूस अब्बांनी सांगितला तसा सावलीत वाळवला. दोन दिवस तांत चालवली, हलक्या हातानं, काठापासून. गावातल्या बाया दाराशी येऊन ऐकत उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. उरलेला कापूस अजून बोटांनीच चालू आहे. माझी नखं फाटली आहेत.

जर्मनीला लिहून टाकलं की ‘कूस’ आता नाही. त्यांचं फार सौजन्याचं उत्तर आलं. मुंबईतले फोटो आहेत, त्यांच्यासोबत ती कशी गेली ते लिहून पाठवाल का, तेही एक काम होईल, असं म्हणाले. आधीची मी असते तर या उकलण्याचाच व्हिडिओ काढला असता. कॅमेरा पिशवीत आहे. काढला नाही. यापुढं काय करीन ते मला माहीत नाही, आणि हे लिहिताना भीती वाटते, पण कडी वाजवण्यासारखी ती भीती नाही.

आज दुपारचं सांगते. आम्ही तिघी ओसरीवर बसलो होतो, मधे कापसाचा ढीग. बोलता बोलता गोदाबाईंचा आवाज थांबला. पाहिलं तर त्या बसल्या जागी कलंडून झोपल्या होत्या, अर्धं अंग ढिगावर, मुठीत पुंजका. आचल हळूच म्हणाली, दोन वर्सात दिवसा डोया लागला नाही यांचा, रात्री तर नाहीच. आम्ही हात चालू ठेवले, आवाज न करता. तीनेक तास गेले असतील.

जाग आली तेव्हा त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. मग आचलला विचारलं, गजेंद्र जेवला का?

आचल त्यांना रोज सांगते. मी इथं आल्यापासून रोज ऐकते आहे. ते गेले, आई, येत नाहीत आता, असं न चिडता सांगते आणि पुन्हा कामाला लागते. आज तिनं मान वर केली नाही. पुंजका उकलत म्हणाली, जेवले. आत्ताच वावरात गेले.

बरं झालं, म्हणाल्या गोदाबाई, आणि डोळे पुसून परत उकलायला बसल्या.

मी दाराकडं पाहिलं नाही. आचलनंही नाही.

चार-पाच दिवसांचं काम अजून आहे. मग तिकडं येते. अब्बांची गादी मी भरीन, त्यांनी हात लावू दिला तर.

माया उरली असेल तेवढी पुरे.
तुझी,
नगमा